पूल गेल्यापासून

१२ जुलै, शनिवार

पूल गेला. पावणेबाराच्या सुमाराला. मी मशीनवर होतो, शाळेच्या शर्टांना खिसे लावत. आधी वाटलं, वर रस्त्याच्या कामावर सुरुंग उडवला. मग गल्लीतून माणसं पळायला लागली. मीही गेलो, गळ्यात टेप तसाच. मधला खांब नाही. दोन्ही टोकं हवेत, आणि खाली पाणी – पाणी कसलं, चिखल, झाडं, दगड.

ती पलीकडे आहे. सकाळी सातला दवाखान्यात गेली, रोजच्यासारखी, डबा घेऊन. पण बोलून गेली नाही. म्हणजे मीच बोललो नाही. काल संध्याकाळपासून आमचं वाजलं होतं. मी म्हणत होतो, पाऊस थांबत नाहीये, चार दिवस रजा टाक. ती म्हणाली, "डॉक्टर आधीच रजेवर गेलेत. नर्सही नसली तर दवाखान्याला कुलूपच लावावं लागेल." मी म्हणालो, "मग लाव." निघताना ती दारात थांबली होती. मी मान खाली घालून बॉबिन भरत होतो. बॉबिन आधीच भरलेलं होतं.

साडेबाराला फोन लागला. ती सुखरूप आहे. पहिला प्रश्न, "मुलं कुठायत?" दोघं घरात होते, शेजारच्या बाईंजवळ. ती म्हणाली, दोन दिवसांत काहीतरी सोय करतील. मी "हं" म्हणालो. एवढंच.

१३ जुलै, रविवार

फोनवर यादी सांगितली तिने. टिल्लूचं खोकल्याचं औषध फडताळात वरच्या कप्प्यात, अर्धा चमचाच. दादूला गणिताला बसवायचं, तो फसवतो. दूध तापवताना तिथून हलायचं नाही. आणि मुलांना नदीकडे–

इथे फोन तुटला. मग लागलाच नाही. कुणाचाच लागत नाहीये. डोंगरावरचा टॉवर पडला म्हणतात.

१४ जुलै, सोमवार

शाळा बंद. दूध उतू गेलं. मी तिथून हललो होतो.

दादू नऊ वर्षांचा आहे, त्याला सगळं कळतं. टिल्लू पाचचा, त्याला वाटेल तेवढंच कळतं. आज त्याने सतरा वेळा विचारलं, आई कधी येणार. दादूने एकदाही नाही. मला दादूचीच काळजी जास्त वाटते.

१५ जुलै, मंगळवार

पाणी खालच्या गल्लीत शिरलं. आमच्या दारापासून खाली बावीस पायऱ्या, मग गल्ली. सकाळी बावीस होत्या, दुपारी सतरा. कापडाचे गठ्ठे माळ्यावर टाकले. गिऱ्हाइकांचे कपडे टाकले. मशीन एकट्याने उचलवेना, तेव्हा बाई आल्या मदतीला. वय सत्तरच्या पुढे, पण पकड लोखंडी. मला तिसरीत शिकवत होत्या. म्हणाल्या, "तू तेव्हाही असाच होतास. परीक्षा उद्या आणि ताप आज." मी म्हणालो, "बाई, पायऱ्या मोजा, मग बोला." त्यांनी मोजल्या. मग त्यांनी त्यांचीही पेटी बांधली.

मुलांचे बूट दाराशी लावून ठेवलेत. कधी पळावं लागेल सांगता येत नाही. टिल्लू बूट घालूनच जेवला.

१६ जुलै, बुधवार

अठरा पायऱ्या. उतरतंय.

चार वाजता पुलाच्या तोंडाशी गेलो, दोघांचे हात धरून. पोलिसांनी दोर बांधलाय, त्याच्या पुढे जाऊ देत नाहीत. पलीकडेही माणसं उभी होती. इथून माणूस करंगळीएवढा दिसतो. दादू म्हणाला, "ती बघ. पांढरा कोट." मला काही दिसेना. मग दिसली. ती दोन्ही हात हलवत होती. मुलं ओरडली, मीही ओरडलो. नदीचा आवाज असा की स्वतःचं ओरडणं स्वतःला ऐकू येत नव्हतं.

टिल्लूला खांद्यावर घेतलं. तो खाली येईपर्यंत माझी मान ओली झाली होती. पाऊस नव्हता.

१७ जुलै, गुरुवार

युक्ती सुचली. लाल अस्तराचं कापड भरपूर आहे. त्यातून अक्षरं कापली, दोन-दोन हात उंच, आणि जुन्या पांढऱ्या चादरीवर टाचली. "सगळे बरे". बाईंनी एक टोक धरलं, मी एक. लोक हसले. हसू देत.

तिने वाचलं. डोक्यावर दोन्ही हात ठेवून खाली वाकली, आणि मग आत पळत गेली. परत आली ती चादर घेऊनच. कोळशाने लिहिलं होतं: "दात?"

टिल्लूचा पुढचा दात हलतोय, मी विसरूनच गेलो होतो. टिल्लूने तोंड उघडून दाखवलं. एवढ्या लांबून!

१९ जुलै, शनिवार

आता रोज चारला. अख्खं गाव निरोप घेऊन माझ्याकडे येतं. न्हाव्याचा भाऊ पलीकडे अडकलाय, शाळेच्या शिपायाची मुलगी पलीकडे. सकाळी मुलांना आवरायचं, मग अक्षरं कापायची. दादू उसवतो, मी टाचतो. त्याचा हात चांगला आहे, कापड ओढत नाही. काम करताना तो बोलतो तरी. आज विचारलं, "बाबा, तुला पोहता येतं?" म्हणालो, नाही. "आईला येतं," तो म्हणाला.

मला "चुकलो" असं लिहायचंय. अक्षरं तीनच लागतात. पण दोर धरून सगळा गाव उभा असतो. न्हावी वाचेल आणि उद्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगेल. आज पण "सगळे बरे"च लिहिलं.

२० जुलै, रविवार

रात्रभर पाऊस. सकाळी चौदा पायऱ्या. खालच्या गल्लीतल्या बेकरीची मागची भिंत पडली. माणसं आधीच बाहेर आली होती.

२१ जुलै, सोमवार

तेरा. मग सोळा. आज चारला गेलो नाही, वाट निसरडी होती. ती उभी राहिली असेल. जायला हवं होतं.

२२ जुलै, मंगळवार

ती आली नाही.

पलीकडे माणसंही कमी होती. आम्ही साडेपाचपर्यंत थांबलो. टिल्लूला सांगितलं, आज आईला खूप काम असेल. दादू माझ्याकडे बघत होता. मी चादर घडी करत राहिलो. चादरीची घडी घालायला एवढा वेळ लागत नाही.

२३ जुलै, बुधवार

नाही आली. पलीकडे कुणीच नव्हतं. एक माणूससुद्धा नाही.

टिल्लूला म्हणालो, ती झोपली असेल. तो म्हणाला, "चार वाजता?" त्यालाही कळायला लागलंय.

२४ जुलै, गुरुवार

नाही.

परवा पलीकडच्या डोंगरावर धूर दिसला होता म्हणे. बाई म्हणाल्या, धूर नव्हे, धूळ. दरड कोसळली की अशी धूळ उठते. मुलांसमोर बसून घास चिवडतो.

२५ जुलै, शुक्रवार

सकाळी नऊला दादूला बटणं आणायला बाईंकडे पाठवलं. दहा वाजले तरी आला नाही. बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "तो आलाच नाही." दाराशी बघितलं, त्याचे बूट नव्हते. आधी पुलाच्या तोंडाशी गेलो, पोलिसांना विचारलं, कुणी पाहिला नव्हता. टिल्लू बाईंजवळ होता, त्याला विचारलं. तो आधी बोलेना. मग म्हणाला, "दादा म्हणाला सांगायचं नाही. तो आईला आणायला गेलाय. वरून."

वरून म्हणजे लाकडी साकवावरून. इथून नदीच्या काठाकाठाने चढत गेलं की दीड तासाच्या वाटेवर जुना साकव आहे, गुराख्यांचा. परवा चौकात कुणीतरी बोलत होतं, तो अजून शाबूत आहे. दादू माझ्या शेजारी उभा होता. मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याने ऐकलं आणि ठेवलं.

मी धावलो. मला धावायची सवय नाही, दिवसभर बसून काम. वाट जागोजागी खचली होती. एका ठिकाणी पायवाटच नव्हती, मुळ्या धरून गेलो. सारखं वाटत होतं पुढच्या वळणावर त्याचा बूट दिसेल. नुसता बूट. हे लिहू नये, पण तेच दिसत होतं.

साकव अर्धाच उरला होता. इकडून चार फळ्या, पुढे काही नाही. आणि अलीकडे एका दगडावर रस्त्याच्या कामावरचा गवंडी बसला होता, हातात दादूची कॉलर. नुसती धरून बसलेला, मांजराचं पिल्लू धरावं तशी. माणसं ने-आण करायला नदीवरून तार ओढायची आहे, तिच्यासाठी जागा बघायला ते लोक वर आले होते.

"तुमचं का हे?" तो म्हणाला. "तिसऱ्या फळीवर होतं. उतर म्हटलं तर म्हणतं, माझी आई तिकडे आहे. अर्धा तास झाला, सोडलं की परत पळतंय."

मी दादूला मारलं. दोन थोबाडीत. गवंडी म्हणाला, "अहो, अहो." दादू रडला नाही. म्हणाला, "तू जाणारच नव्हतास. तू फक्त पायऱ्या मोजतोस."

येताना पूर्ण वाट त्याने माझा हात धरला नाही. निसरड्या जागीसुद्धा नाही. मी मागून चालत होतो, त्याच्या शर्टापासून वीतभर अंतरावर हात ठेवून.

२६ जुलै, शनिवार

नऊ वर्षांत कधी हात उचलला नव्हता.

तो म्हणाला ते खरं आहे. मी पायऱ्याच मोजतो. तिने पलीकडची नोकरी धरली त्याला सहा वर्षं झाली, मी दवाखाना एकदाच पाहिलाय, तोही बाहेरून. पूल हलतो म्हणायचो. सगळे म्हणायचे, जुना पूल थोडा हलणारच. मला आवडायचं नाही. आणि ती रोज दोनदा जायची.

दादूला म्हणालो, "मी मारायला नको होतं." तो वहीत गणित करत होता. म्हणाला, "हं." अगदी माझ्यासारखं.

२७ जुलै, रविवार

बातमी आली. रस्त्याच्या कामावरच्या साहेबांकडे बिनतारी यंत्र आलंय, त्यांनी पलीकडच्या चौकीशी बोलून घेतलं. पलीकडच्या वरच्या वस्तीवर मंगळवारी दरड आली. माणसं दगावली. जखमी सगळे दवाखान्यात. मी विचारलं, "नर्स?" साहेबांनी परत बटण दाबून विचारलं. खरखर. खरखर. मग एक आवाज: "सिस्टर आहेत. त्यांनीच सगळं सांभाळलंय."

मी साहेबांच्या टेबलाचा कोपरा धरला होता. त्यांनी खुर्ची पुढे केली, म्हणाले, "मास्तर, बसा." मी बसलो.

घरी आलो. दोघांना सांगितलं. टिल्लू नाचायला लागला. दादू मोरीत गेला, दार लावून घेतलं, आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. पाणी वाया चाललंय असं मी म्हणालो नाही.

२८ जुलै, सोमवार

चारला ती आली. जेमतेम पाच मिनिटं. कोट पांढरा राहिला नाही. इथूनही दिसत होतं की ती नीट उभी नाहीये, कठड्याला टेकली आहे. तिच्याकडे आज चादर नव्हती. चादरी लागत असतील सगळ्या.

मी अक्षरं सकाळीच टाचून ठेवली होती. बाईंनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि टोक धरलं. "चुकलो". न्हावी माझ्या शेजारीच उभा होता. त्यानेही वाचलं. त्याने टोपी काढली आणि डोकं खाजवत दुसरीकडे बघायला लागला.

ती खूप वेळ बघत राहिली. मग एक हात वर केला. नुसता वर, हलवला नाही. मग गेली.

३० जुलै, बुधवार

साहेब घरी आले, मागे तोच गवंडी. दोन्ही काठांवर तार लागली आहे. तिच्यावरून पाळणा चालवणार – लोखंडी चौकट, एका वेळी दोन माणसं. माणसाला बांधायला पट्टे हवेत. मोठ्यांचे आहेत. लहान मुलांच्या मापाचे नाहीत, आणि पलीकडून दोन जखमी मुलं आणायची आहेत. साहेब म्हणाले, "मास्तर, तुमच्याशिवाय इथे कोण शिवणार?"

जाड पट्टी, चार पदरी. माझ्या मशीनची सुई दोनदा मोडली. मग दाभण घेऊन हाताने शिवलं. माप टिल्लूचं घेतलं, तो खूश. प्रत्येक जोडावर चौकोन शिवला, त्यात फुली, मग परत चौकोन. गवंड्याने ओढून बघितलं, म्हणाला झालं. मी उसवलं आणि परत शिवलं. तो म्हणाला, "हे तुटायच्या आधी तार तुटेल." हे त्याने धीर द्यायला म्हटलं असावं.

३१ जुलै, गुरुवार

वाळूची पोती घालून पाळणा तीन वेळा नेऊन आणला. मधोमध गेला की खाली झुकतो, पाण्यापासून दोन पुरुष उंच राहतो. मी डोळे मिटले होते. पोत्यांसाठी.

१ ऑगस्ट, शुक्रवार

जखमी मुलं आली. एक मुलगी, हात गळ्यात बांधलेला. एक मुलगा टिल्लूएवढा, पाय फळीला बांधलेला. पट्टे सोडताना माझी बोटं चालेनात. मुलगा म्हणाला, "काका, तुम्ही घाबरलात?" म्हणालो, हो. तो म्हणाला, "मी पण. सिस्टर म्हणाल्या, डोळे उघडे ठेव म्हणजे कमी भीती वाटते."

त्याच्या फळीला चिठ्ठी बांधलेली होती. माझ्या नावाची. पाळणा परवापासून सगळ्यांसाठी सुरू होणार, साहेबांनी सांगितलंय. म्हणजे परवा ती येईल. मुलांना सांगितलं. घर झाडून घेतलं. निरोपाची चादर धुऊन टाकली, टाचण्यांची भोकं राहिली आहेत. मग चिठ्ठी उघडली. आधी उघडायला हवी होती.

"मला येता येणार नाही. आत अकरा जण आहेत, त्यांतल्या चौघांना हलवता येत नाही. दुसरी नर्स किंवा डॉक्टर येईपर्यंत मी इथेच. किती दिवस ते माहीत नाही. रागावू नकोस. दादूला सांग की त्याने असं परत करायचं नाही, मुलांना न्यायला आलेल्या गवंड्याकडून मला कळलंय. टिल्लूचा दात पडला का? मला एकदा दोघांना जवळ घ्यायचंय, पण इथून निघता येत नाही."

दोनदा वाचली. राग आला. मग राग गेला आणि काहीच उरलं नाही.

२ ऑगस्ट, शनिवार

मुलांना वाचून दाखवली. पूर्ण. एक ओळही गाळली नाही.

टिल्लू रडला. दादू म्हणाला, "मग आता?" मी म्हणालो, विचार करतो. त्याने मान हलवली, मोठ्या माणसासारखी. त्याला माझा विचार कसा असतो ते माहीत आहे.

बाईंकडे जाऊन बसलो. बाई म्हणाल्या, "घाबरतोस म्हणून तुला नावं ठेवली मी, पण तुझं घाबरणं कधी फुकट गेलं नाही. बेकरीवाले वेळेत बाहेर पडले ते तू ओरडलास म्हणून." मग म्हणाल्या, "घराची किल्ली माझ्याकडे ठेवायची असेल तर ठेव." मी त्यांना किल्लीबद्दल काहीच बोललो नव्हतो.

दुपारी साहेबांकडे गेलो. दोन प्रश्न विचारले: तार किती वजन झेलते, आणि दोन लहान मुलं मिळून एक माणूस धरतील का. त्यांनी दोन्हींची उत्तरं दिली. मग तेच प्रश्न परत विचारले. त्यांनी परत दिली. भला माणूस.

३ ऑगस्ट, रविवार

पाळणा सुरू झाला. ती आली नाही.

आम्ही तिघं गेलो. मधोमध दादूने माझा हात धरला. मी डोळे उघडे ठेवले होते.

तिने मुलांना मिठीतून सोडलं तेव्हा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आत जखमांना बांधायच्या पट्ट्या संपल्यात, कापून द्यायच्यात. हात धुऊन ये."